दम्मामहून आलेला पंप

उम्मा, माझी आई, गेली त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी विहिरीपाशी उकिडवी बसून पंपाला पाणी पाजत होती.

पाजणं हा तिचाच शब्द. पंपाच्या डोक्यावरचं पितळी बूच पान्ह्यानं सोडवायचं, झारीच्या तोटीनं बारीक धार धरायची, आतली हवा बुडबुडत वर येईपर्यंत थांबायचं, मग पुन्हा धार. पावसाळ्यात दोन झाऱ्यांत भागायचं. एप्रिलात सात-आठ लागायच्या. मग बूच आवळून बटण दाबायचं आणि पंपाच्या पोटावर तळहात ठेवून वाट बघायची.

“आलं का गं पाणी?” उप्पांनी, माझ्या वडिलांनी, ओसरीवरून विचारलं. वर्तमानपत्र त्यांच्या तोंडापुढे होतं.

“येतंय.”

“येतंय येतंय म्हणता अर्धा तास झाला. अमेरिकन बनावटीचं यंत्र आहे ते. चूल नाही, फुंकर मारत बसायला.”

“चूल बरी. ती उलटून बोलत नाही,” उम्मा म्हणाली, पण मला ऐकू येईल एवढंच.

मी हसले. मी शिकवते त्या कॉलेजच्या परीक्षा संपवून आठ दिवसांसाठी आले होते आणि चहाचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवर पुस्तक वाचत बसले होते. पुस्तकातून डोकं न काढता मी म्हटलं, “खरंच उम्मा, शेजारी सुलैखात्तांकडे बटण दाबलं की टाकी भरते. तुलाच कसं जमत नाही?”

“त्यांचा पंप शहाणा आहे. माझा लाडावलेला, तुझ्यासारखा. वेळेवर पाजलं नाही की रुसतो.”

पाणी आलं. दहा मिनिटांनी तिनं पंप बंद केला. वीस मिनिटं विसावा, मग पुन्हा दहा मिनिटं, हा तिचा जुना हिशेब. “यंत्राला झोपवणारी बाई जगात एकच,” असं उप्पा म्हणाले, तेही जुनंच. दुपारी तिनं तारली मासे साफ केले, आमटीत कैरी जास्त झाली म्हणून स्वतःवरच चिडली, आणि संध्याकाळी मला विचारलं की तुझं ते पुस्तक एवढं जाड आहे, त्यात शेवटी कोणी मरतं का. मी म्हटलं, अजून तिथवर आले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजाला ती उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाले. उप्पांनी तीन वेळा तिला हाक मारली होती, तिसऱ्यांदा रागावून.

मय्यतीच्या आंघोळीला पाणी हवं होतं आणि आमच्या घरात पंप सुरू करता येणारं कोणी उरलं नव्हतं. मी बटण दाबलं. पंप नुसता गुरगुरला. शेवटी सुलैखात्तांच्या सुना घागरी भरभरून घेऊन आल्या. तीस फूट खाली, तिच्या स्वतःच्या विहिरीत पाणी होतं, आणि तिची शेवटची आंघोळ शेजारच्या पाण्यानं झाली. मी तिचे हात धुतले. उजव्या अंगठ्याच्या चिरेत नळाच्या आट्यांना लावायचा सफेदा भरलेला होता. मी पुष्कळ चोळला, पण निघाला नाही.

*

पंप आला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. उप्पा सौदीतल्या दम्मामच्या एका गोदामात कामाला होते. त्याआधीच्या सुट्टीत त्यांनी म्हणे जेवताना उम्माचे तळहात पाहिले होते. सात पुरुष खोल विहिरीतून बारा वर्षं दोरानं पाणी शेंदलेले हात. पुढच्या सुट्टीत विमानानं मुंबईला उतरले आणि तिथून केरळपर्यंत बसच्या टपावर दोन घोंगड्यांत गुंडाळलेला तो पंप घेऊन आले. त्या वर्षी त्यांनी सोनं आणलं नाही, कापड आणलं नाही, अत्तराची बाटलीसुद्धा नाही. दिवस जुलैचे होते, विहीर अर्ध्याहून जास्त भरलेली. उप्पांनी बटण दाबलं, पाणी धो धो आलं, आणि अंगणात जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. उम्मा दारामागून बघत होती.

डिसेंबरात पाणी उतरलं तसा पंप अडू लागला. उम्मानं मला पत्र लिहायला बसवलं: पंप नीट चालत नाही, सांध्यातून हवा धरतो, तापतो. महिन्यानं उत्तर आलं. तेही मीच तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘पंप नवा आहे. त्याच्यात काही खोट नाही. तू नीट चालवत नसशील.’

त्यानंतरच्या प्रत्येक पत्रात ती मला सांगायची, “पंप चांगला आहे असं लिही.”

उप्पांची सुट्टी नेहमी पावसाळ्यात असायची. त्यामुळे सतरा वर्षांत त्यांनी तो पंप कधी उन्हाळ्यात पाहिलाच नाही. कायमचे परत आले तेव्हा त्यांचं मत पक्कं झालेलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. शाळेला उशीर झाला की मी बाईंना सांगायचे, “आमच्या उम्माला पंप लावता येत नाही.” वर्ग हसायचा. घरी येऊन मी ते उम्मालाही सांगायचे. तीही हसायची.

*

उम्मा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी दोह्याहून आलेला माझा भाऊ परत गेला. ओसरीवर भेटायला आलेले पुरुष बसले होते, आत बायका कुराण वाचत होत्या. उप्पांचा आवाज आतपर्यंत येत होता.

“माणूस म्हणून सोन्यासारखी. पण माझ्या बीपात्तूला यंत्र कधी कळलं नाही. रोज त्याला पाणी पाजायची, सांगा! पंपाचं काम पाणी द्यायचं की प्यायचं?”

कोणीतरी हळू हसलं.

“थांबा, आता बघा कसा चालतो ते,” असं म्हणून ते उठले आणि त्यांनी बटण दाबलं. पाणी न भरता. पंप कोरडाच फिरत राहिला. ते परत येऊन पाहुण्यांशी बोलत बसले. पाणी वर यायला वेळ लागत असेल अशी त्यांची समजूत. आत आम्हाला प्लॅस्टिक जळल्याचा वास आला तेव्हा मी धावत जाऊन पंप बंद केला.

दुसऱ्या दिवशी वेलायुधेट्टन आले. गावात पंपाची कामं करणारे आता बरेच आहेत, पण आमच्या पंपाला उम्मा सोडली तर फक्त याच एका माणसाचा हात लागलेला. डोळ्यांना कमी दिसतं म्हणून त्यांनी दोन वर्षांपूर्वी काम सोडलं होतं. विहिरीच्या कठड्याशी चप्पल काढून ते क्षणभर उगाच उभे राहिले, मग खाली बसले. चार बोल्ट सोडवून पंपाचं तोंड आणि मोटर वेगळी केली आणि एकेक भाग काढून गोणपाटावर ओळीनं मांडला.

“हा पंखा, टीचर. कडा बघा, वितळल्यात. ही त्याच्या पुढची वाटी, पाण्याला वळण देणारी. हिची मेणबत्ती झाली. हे सील, दोन चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, पाणी मोटरीत जाऊ देत नाहीत. पाण्यावाचून फिरलं की पहिलं हेच जातं.”

“आणि हे काळं?”

“गॅसकेट, सांध्यातून गळू नये म्हणून. सायकलच्या ट्यूबचं. तुमच्या आईनं कापलेलं.”

मी ते हातात घेतलं. बोल्टांची चार भोकं, मधलं मोठं गोल, सगळं कात्रीनं कापलेलं. कडेला कुठे दात पडलेला नव्हता.

“यातलं मूळचं काय आहे?” मी विचारलं.

“कवच आणि मोटर. बाकी सगळं बदललंय. पंखा कोइंबतूरचा, दांड्यावर सैल बसायचा, म्हणून मधली बुश, भोकात बसायची कडी, लेथवर करून घेतली. माप तुमच्या आईनं दिलं. दोऱ्याला गाठी मारून आणायची. लेथवाला हसला, पण बुश एका फटक्यात बसली. खाली विहिरीत पाणी वर ढकलणारा जो जेट आहे, त्याची नळीसुद्धा तिनंच शोधली. जुना भाग ओढणीत गुंडाळायचा आणि बसनं तिरूरला जायचं. दुकानातले म्हणायचे, उम्मा, घरातल्या पुरुषाला पाठवा. ही पायरीवर बसून राहायची. गिऱ्हाईक कमी झालं की म्हणायची, आता तो खोका खाली काढा.”

“हे ती आम्हाला कधी बोलली नाही.”

वेलायुधेट्टननी घराकडे पाहिलं. “तुमचे उप्पा?”

“असरच्या नमाजाला गेलेत.”

मग त्यांनी मोटरीच्या बाजूची पत्र्याची पट्टी बोटानं दाखवली. तिच्यावर रंगाचे थर होते. खिळ्यानं खरवडून त्यांनी एक आकडा मोकळा केला. साठ.

“तिकडच्या विजेची धाव वेगळी, टीचर, तिकडे साठ, आपल्याकडे पन्नास. हा पंप तिकडे सहा फेरे घ्यायचा तेवढ्या वेळात इकडे पाच घेतो. पाच फेऱ्यांत एवढ्या खोलचं पाणी उचलत नाही. पावसाळ्यात विहीर भरलेली असते तेव्हा निभतं. आणि मोटर तापते ती त्यामुळेच. शिवाय तिकडचे आटे आपल्या पाइपाला नीट लागत नाहीत. तीन फेरे बसतात आणि अडकतात. वरून घट्ट वाटतं, आतून हवा ओढतं. ताग गुंडाळा, सफेदा लावा, काहीही करा. हवा शिरली की पंपातलं पाणी उतरतं. मग रोज सकाळी पाजायचं.”

“म्हणजे तिचं काही चुकत नव्हतं.”

“तिनं केलं म्हणून तेहतीस वर्षं चालला. दुसऱ्या कोणाच्या हाती तेहतीस दिवस चालला नसता.”

“तुम्हाला हे कधी कळलं?”

“ब्याण्णव साली. वाइंडिंग जळलं म्हणून मोटर कोळिक्कोडला नेली होती. तिथल्या मिस्त्रीनं पट्टी वाचून सांगितलं. त्याच दिवशी येऊन मी तुमच्या आईला म्हटलं, बीपात्तूत्ता, हा पंप इथला नाही, काढून टाका. ती म्हणाली, वेलायुधा, हे घरात कोणाला सांगू नकोस. त्यांनी समुद्रापलीकडून उचलून आणलंय. पाणी येतंय ना? मग झालं.”

ते सीलच्या तुटक्या चकत्या उगाच एकमेकींवर ठेवून बघत होते.

“एकदा मी म्हटलंही, किती ऐकून घ्यायचं माणसानं? तर म्हणाली, अरे, ते पंपाला बोलतात. मी मध्ये बसलेली असते एवढंच.”

*

त्याच रात्री भावाला फोन केला. तो म्हणाला, नवा पंप घाला, मी आजच सांगतो दुकानात. उप्पांनी माझ्या हातून फोन घेतला. “त्याच्यात काही खोट नाही. जळलेले भाग तेवढे बदलायचे. तुझ्या आईसाठी आणलेला पंप आहे, भंगारात घालणार नाही.” वेलायुधेट्टननी जे सांगितलं ते मी कोणाला सांगितलं नाही. तिनं सत्तावीस वर्षं झाकून ठेवलेली गोष्ट तिला जाऊन आठवडा व्हायच्या आत उघडी करायची मला हिंमत झाली नाही.

मी पंखा, वाटी आणि सील कापडी पिशवीत घालून तिरूरला गेले. गल्ल्यावरच्या तरुण मुलानं भागांचे फोटो काढले, संगणकावर शोधले, आणि म्हणाला असलं काही नाहीच. मग आतल्या बाजूनं एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी पंखा उजेडात धरला, बुशवर अंगठा फिरवला.

“हा त्या उम्मांचा पंप. त्या नाही आल्या?”

मी सांगितलं. त्यांनी पुटपुटत दुवा मागितली आणि बराच वेळ पंखा खाली ठेवला नाही.

“या मापाचा शेवटचा पंखा त्याच घेऊन गेल्या, दोन वर्षं झाली. मी म्हटलं, कारखान्यानं बंद केलाय, आता मिळणार नाही. त्या म्हणाल्या, मला एवढा पुरेल.”

जवळात जवळचा पंखा त्यांनी काढून दिला. घेर थोडा कमी होता. चालेल का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “त्या असत्या तर त्यांनी सांगितलं असतं.”

वेलायुधेट्टननी तो बसवला. नवं सील, नवी वाटी, दुकानातलं तयार गॅसकेट. मी पाणी भरलं, नऊ झाऱ्या. करंगळीएवढी धार आली. उप्पा ओसरीवरून उतरून अनवाणीच विहिरीपर्यंत आले.

“बघ! जाणत्या हातात गेला की कसा चालतो.”

वेलायुधेट्टन हत्यारं पुसत राहिले. जाताना फाटकापाशी मला म्हणाले, “अजून एक पुरुष पाणी उतरलं की हेसुद्धा येणार नाही. मला बोलावू नका, टीचर. माझ्या हातात काही नाही.”

चार दिवस ती धार आली, रोज आदल्या दिवसापेक्षा बारीक. पाचव्या दिवशी आली नाही. मी सांधे उघडले, ताग गुंडाळला, पुन्हा बसवले. तिसऱ्या फेऱ्याला पान्हा अडायचा, अगदी घट्ट वाटायचं, आणि बूच उघडलं की आतलं पाणी खाली गेलेलं. मला पुस्तकं वाचून पुष्कळ गोष्टी कळतात. तिच्या हाताला काय कळत होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. पिण्याचं पाणी आम्ही सुलैखात्तांकडून आणू लागलो. मी कॉलेजला रजा वाढवून मागितली.

मग उप्पांनी स्वतः पाजायला घेतलं. रोज सकाळी ते गुडघे धरत खाली बसायचे, बूच काढायचे आणि झारी ओतायचे. धार त्यांच्या हातून हलायची, निम्मं पाणी बाहेर सांडायचं. शेजारहून आणलेलं पाणी ते पंपात ओतत होते. बटण दाबायचे, पोटावर हात ठेवायचे, चटका बसला की काढायचे. मी दारातून बघायचे आणि आत जायचे.

असं करत दहाव्या दिवशी त्यांनी अकरा झाऱ्या ओतल्या. मी मोजल्या. पंप गुरगुरत राहिला. मी जाऊन बंद केला. ते उठले नाहीत. ओल्या मातीत बसूनच होते, लुंगीचा काठ चिखलात, हातात पान्हा.

“मेहनतीनं आणला होता,” ते म्हणाले. “तिचे हात बघवत नव्हते म्हणून आणला. बसच्या टपावर रात्रभर जागा होतो, दोर सुटेल म्हणून.”

“चला उप्पा, चहा घ्या.”

“चांगला होता. तू पाहिलंयस, लहान होतीस, पण पाहिलंयस. पहिल्या दिवशी केवढं पाणी आलं होतं!” त्यांनी पान्ह्यानं कवचावर टकटक केलं. “तिनंच घालवला. रोज उघडायची, रोज काहीतरी काढायची, घालायची. चालू यंत्राला कोणी असं उचकतं? जन्मभर सांगितलं, कळलं नाही तिला. अडाणी ती अडाणीच राहिली.”

आणि मग नेहमीसारखं, हसावं म्हणून, त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

साठ हा आकडा माझ्या जिभेवर होता. त्या पट्टीवर खरवडलेली जागा त्यांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होती. बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. त्यांचे डोळे लाल झाले होते. हाताला चिखल होता. त्यांच्यापाशी आता या लोखंडाशिवाय तिच्यासाठी केलेलं दुसरं काही नव्हतं. आकडा मी गिळला. तो तिचा होता. पण या माणसासमोर या जागी मी तीस वर्षं हसत आले होते. आज मला हसता येईना.

मी त्यांच्याशेजारी मातीत बसले.

“उप्पा,” मी म्हणाले, “उम्माला असं बोलू नका.”

त्यांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. “काय?”

“तिला बोलू नका. तिला हा पंप पुरता कळत होता. आपल्या घरात फक्त तिलाच कळत होता. मीही हसायचे तिला, तुमच्याबरोबर. पण तिला असं बोलू नका.”